ह्यांच्यासाठी ओफ्रेंदा मांडते, यंदाचं चौथं वर्ष

अंगणातली_रुई · ४ ऑक्टोबर

सर्वपित्री होऊन दोन आठवडे झाले. पितृपक्षाच्या धाग्यावरच लिहिणार होते, पण तिथे तिथी आणि आमसुलाच्या चटणीवर इतकी रंगात आलेली चर्चा चालली होती की मधेच मेक्सिको कुठे घुसडू, म्हणून गप्प बसले. आता वेगळा धागाच काढते. ओफ्रेंदा म्हणजे मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाला (दिआ दे मुएर्तोस, १ आणि २ नोव्हेंबर) गेलेल्या माणसासाठी घरात मांडतात ती आरास. लांबण लागेल, आधीच सांगते.

मी ६८ वर्षांची. शिकागोजवळ ऑरोराला राहते. आमच्या गावात एकीकडे बालाजीचं देऊळ आणि दुसरीकडे पानादेरिया, म्हणजे मेक्सिकन बेकऱ्या. इतकी वर्षं आम्ही देवळाकडेच वळत राहिलो. पानादेरियाची पायरी मी पहिल्यांदा चढले ती हे गेल्यावर.

हे गेले २०२२ च्या फेब्रुवारीत. आम्हाला एकच मुलगी, ती सिअ‍ॅटलला. अग्नी इथे दिला, पुढचे दिवस पुण्यात पुतण्याने केले. अगदी मनापासून केले, त्याला बोल लावायचा नाही. इथे रात्रीचे साडेनऊ, तिकडे सकाळचे नऊ. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसले होते. गुरुजी म्हणाले, "काकू, तुम्ही नुसतं बघा आणि नमस्कार करा." पिंड ठेवताना नेमकं चित्र अडकलं आणि बराच वेळ मला पुतण्याचा कान दिसत राहिला. ४२ वर्षांचा संसार, आणि शेवटी माझ्याकडे काम आलं ते बघायचं.

आमची शेजारीण मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला इंग्रजी बेताचं, मला स्पॅनिश शून्य. ऑक्टोबर संपत आला तशी ती एक दिवस झेंडूची पाटी घेऊन दारात उभी. म्हणाली, तुझा माणूस यायचा आहे ना, त्याला वाट कोण दाखवणार?

मला वाटलं, फुलं फोटोला घालायची. तिने पाकळ्या तोडून फाटकापासून दिवाणखान्यापर्यंत पट्टा ओढला. झेंडूला ते सेंपासूचिल म्हणतात, त्याचा रंग आणि वास धरून माणूस घरी येतो. मग टेबलावर दोन खोकी ठेवून पायऱ्या केल्या, वर चादर, कोरलेल्या कागदाच्या पताका, मेणबत्त्या, मीठ, कोपाल नावाचा धूप. गणपतीचं मखर करायची सवय असल्याने माझे हात आपोआप चालायला लागले. वरच्या पायरीवर ह्यांचा फोटो ठेवला. आणि मग ती म्हणाली, आधी पाणी ठेव. लांबून येणार, तहान लागलेली असते. शेजारी तिने एक घमेलं ठेवलं, साबणाची वडी ठेवली आणि विचारलं, टॉवेल?

सासूबाईंकडे कुणीही आलं की आधी तांब्याभांडं आणि गुळाचा खडा. "हातपाय धुवून घ्या, मग बोलू." ह्यांचा पंचा कपाटात घडी करून होता. तो काढून आणला आणि तिथे मी रडले. तोवर इतके महिने फोटोकडे बघून आलं नव्हतं, ते पंच्याने आलं.

मग काय काय ठेवलं म्हणता! चष्मा, शब्दकोड्यांची पुरवणी, टोक काढलेली पेन्सिल. मधुमेहामुळे शेवटची अकरा वर्षं तोडलेली बालूशाही. शेजारणीने न विचारता एक पेगही भरून ठेवला. तीस वर्षं मी ज्या बाटलीवरून भांडले ती मीच उघडून दिली.

आता शंका. गेल्या वर्षी पितृपक्षात पुतण्याचा फोन आला तेव्हा मी उचलला नाही. झोप लागली असं खोटं सांगितलं. यंदाही तेच केलं. ओफ्रेंदा मात्र दोन आठवडे आधीपासून डोक्यात घोळत असते. हे काही बरं नाही असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

खवय्या_बापू · ४ ऑक्टोबर

काकू, पंच्याशी थांबलो आणि चहा करून आलो. तुमच्या शंकेचं उत्तर माझ्याकडे नाही, खाण्यापिण्याचं आहे.

तुमच्या शेजारीणबाईंकडे 'अलेग्रिया' असेलच. म्हणजे आपली राजगिऱ्याची चिक्की. तीच, फरक असलाच तर कडेला भोपळ्याच्या बिया. अलेग्रियाचा अर्थ आनंद. राजगिरा मूळचा तिकडचाच, स्पॅनिश लोक येण्याआधी तिकडे राजगिऱ्याच्या पिठात पाक घालून देवाच्या मूर्ती करत आणि खात. म्हणून पाद्र्यांचा त्या धान्यावर राग. आपण मात्र तो एकादशीला बिनघोर खातो. सणाला साखरेच्या कवट्या करतात, तशा हल्ली राजगिऱ्याच्याही मिळतात.

दुसरं, कालाबासा एन ताचा. लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी गुळात शिजवायच्या, दालचिनी टाकायची. ती लोकं ज्याला पिलोन्सियो म्हणतात तो चक्क गूळच, ढेपेऐवजी शंकूच्या आकाराचा. घारग्यांचं सारण ढवळताना जो वास येतो तोच. मृतांच्या पानात भोपळा आणि गूळ इकडेही, तिकडेही!

पान दे मुएर्तोबद्दल लिहा ना. गोल पाव, वर हाडांसारख्या पट्ट्या, मधे गोळा, संत्र्याचा वास. ओआखाका राज्यात त्याच पावात छोटे रंगवलेले चेहरे खोचतात. बाकी आपला 'पाव' पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांचा 'पान' स्पॅनिशमधून, एकाच घरची भावंडं.

पंचांगी · ५ ऑक्टोबर

काकू, नमस्कार. कुणी रागावेल, पण विचारलंय म्हणून लिहितो.

एक, श्राद्धाला झेंडू चालत नाही. पांढरी फुलं, तुळस, माका. उग्र वासाची आणि तांबडी फुलं टाळतात. तिकडे वासाने बोलावतात, आपल्याकडे वास नको म्हणतात. दोन्ही एकत्र करू नये.

दोन, आपल्याकडे आवाहन असतं तसं विसर्जनही असतं. बोलावलेल्याला निरोप दिल्याशिवाय कर्ता उठत नाही. तिकडे निरोपाचं काय? का नुसतंच बोलावून ठेवायचं?

तीन, आणि हे महत्त्वाचं. तुम्हाला "नुसतं बघा" म्हणणारे चुकले. पुत्र नसेल तर पत्नीला अधिकार आहे, हे धर्मशास्त्रातच आहे, मी पदरचं सांगत नाही. पुतण्या त्यानंतर येतो. तुम्ही हातात दर्भ घेऊन बसायला हवं होतं. हे कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

सदाशिव_पेठ_बाहेरची · ५ ऑक्टोबर

पंचांगींच्या तिसऱ्या मुद्द्याला टाळ्या. जोडून सांगते, पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पौरोहित्य वर्गातून तयार झालेल्या बायका कितीतरी वर्षं श्राद्ध सांगतात. मंत्रांचा अर्थ मराठीत समजावतात आणि मुलगी, सून, पत्नी कुणालाही कर्ता म्हणून बसवतात. माझ्या वडिलांचं मी आणि बहिणीने केलं. शेजारच्या काकांनी नाक मुरडलं, जेवायला मात्र आले.

अंगणातली_रुई · ५ ऑक्टोबर

पंचांगी, तुमचा तिसरा मुद्दा वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले. अधिकार होता! साडेतीन वर्षांनी कळतंय.

निरोपाचं सांगते. असतो, आणि चांगला दणकून असतो. १ नोव्हेंबर लहान मुलांचा, त्यांना आंहेलितोस म्हणतात, छोटे देवदूत. त्यांच्यासाठी दूध, खेळणी, कमी तिखट जेवण. २ तारखेला मोठी माणसं. त्या दिवशी स्मशानात जाऊन कबर धुवायची, फुलं, मेणबत्त्या, आणि तिथेच बसून जेवायचं. शेजारणीच्या माहेरकडे पात्स्कुआरो सरोवराच्या काठच्या गावांतून तिथले मूळनिवासी पुरेपेचा लोक १ तारखेची अख्खी रात्र कबरीजवळ जागून काढतात. २ तारीख सरली की ते परत निघतात. जेवणाचा वास आणि चव त्यांनी नेलेली असते, उरलेलं शेजारीपाजारी वाटून टाकायचं. शेजारीण शपथेवर सांगते की तिसऱ्या दिवशी ओफ्रेंदावरच्या पावाला चव नसते. मी खाऊन पाहिला. शिळा लागला, एवढंच!

ह्यांची कबर नाही, त्यामुळे आम्ही तिच्या नवऱ्याच्या कबरीवर जातो. त्या बिचाऱ्याला आता दोन बायका भेटायला येतात.

झेंडूचं मात्र मला माहीत नव्हतं. पण दसऱ्याला दारावर झेंडूच असायचा आणि ह्यांनाच तो आणायला पाठवायचे, त्यामुळे त्यांना वास ओळखीचा आहे.

ग्वादालाहारातून · ६ ऑक्टोबर

कामानिमित्त नऊ वर्षं मेक्सिकोत आहे, म्हणून थोडं पाणी ओततो. चांगल्या अर्थाने.

इथे हे सगळं इतकं हळुवार दरवेळी नसतं. पान दे मुएर्तो सप्टेंबरातच सुपरमार्केटात येऊन पडतो. आमच्या ऑफिसात विभागवार ओफ्रेंदा-स्पर्धा असते आणि जिंकण्यासाठी लोक ज्यांना कधी पाहिलं नाही अशा गायकांचे फोटो लावतात. मेक्सिको सिटीतली ती प्रचंड मिरवणूक, जिचे व्हिडिओ तुम्हाला दरवर्षी येतात, ती सुरू झाली २०१६ मध्ये. २०१५ च्या एका बाँडपटात तशी मिरवणूक दाखवली, पर्यटक ती शोधत येणार हे लक्षात आलं, मग सरकारने खरीच काढली. 'प्राचीन परंपरा' म्हणून ती पुढे पाठवू नका. पात्स्कुआरो सरोवरातल्या हानित्सियो बेटावर त्या रात्री इतकी गर्दी असते की जागरणाला बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर कॅमेरे असतात. मी एकदा गेलो, लाज वाटून परत आलो.

प्राचीन किती, यावर इथेच वाद आहे. शाळेत शिकवतात की हे सगळं अझ्टेकांपासूनचं, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीचं. मृतांचे सण त्यांच्यात होतेच, पण ते उन्हाळ्यात. तारीख सरळ कॅथलिक आहे, २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस युरोपात, फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठातून दहाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. एल्सा माल्विदो या इथल्या इतिहासकार बाईंनी तर ठामपणे मांडलं की पाव, साखरेची हाडं, कबरीवर जाणं हे मध्ययुगीन स्पेनमधून आलं आणि त्याला अझ्टेक मुलामा चढला तो विसाव्या शतकात, राष्ट्रवादाच्या लाटेत. मला वाटतं सत्य मधे कुठेतरी आहे. झेंडू, कोपाल, मका, हे स्पेनमधून आलेलं नाही. युनेस्कोच्या यादीत २००८ साली नोंद झाली तीही 'मूळनिवासी लोकांचा मृतांसाठीचा उत्सव' अशीच.

पण एक गोष्ट पाहिली ती विसरत नाही. काम्पेचे राज्यात पोमुच नावाचं माया गाव आहे. तिथे दफनानंतर काही वर्षांनी हाडं बाहेर काढून लाकडी पेटीत ठेवतात आणि दर ऑक्टोबराच्या शेवटी घरची माणसं येऊन ती पुसतात, एकेक हाड, ब्रशने. खालचं भरतकाम केलेलं कापड बदलतात, जसे नवीन कपडे घालावेत. एक आजोबा बायकोची कवटी पुसता पुसता तिच्याशी गप्पा मारत होते, पाऊस कसा झाला वगैरे. मी बाजूला उभा. त्यांनी मला पेटी धरायला सांगितली. धरली.

वसईचा_किनारा · ६ ऑक्टोबर

ही चर्चा वाचून गंमत वाटते, कारण आमच्याकडे हे परदेशी नाहीच. आम्ही वसईचे ख्रिस्ती, घरात मराठी. २ नोव्हेंबर आला की आधीचे दोन दिवस सगळं गाव दफनभूमीत. गवत काढायचं, कबर धुवायची, झेंडू-शेवंतीने भरून टाकायची. संध्याकाळी मेणबत्त्या लागल्या की लांबून समुद्रावरच्या होड्यांसारखं दिसतं. फादर पवित्र पाणी शिंपडत जातात. लहानपणी आम्ही ओघळलेलं मेण गोळा करून त्याचे चेंडू करायचो, मार खायचो.

जेवण मात्र आम्ही कबरीवर नेत नाही. आणि हसत नाही. काकू, तिकडे हसतात का?

अंगणातली_रुई · ६ ऑक्टोबर

हसतात की! पहिल्या वर्षी मीच दचकले. शेजारणीची मुलं-नातवंडं कबरीवर बसून तिच्या नवऱ्याच्या फजित्या सांगत होती. पोट धरून. तिनेच सुरुवात केली. एकदा त्याने लग्नाच्या वाढदिवसाला तिला टायर दिले होते, गाडीचे.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे गेल्यापासून मी ह्यांच्याबद्दल कुणाशी हसून बोललेच नव्हते. भेटायला येणारे 'किती सज्जन माणूस' म्हणायचे, मी मान हलवायचे. सज्जन होतेच, पण चिक्कू पण होते हो! चहाची पिशवी दोनदा वापरायचे. ते सांगितलं. मोडक्या इंग्रजीत. नातवाने त्याचं स्पॅनिश केलं, तेव्हा पुन्हा हशा.

ह्यूस्टनची_सून · ७ ऑक्टोबर

सुंदर धागा. पण एक टोचणारा प्रश्न. इथे अमेरिकेत याला सांस्कृतिक उचलेगिरी म्हणतात. एका बड्या चित्रपट कंपनीने २०१३ मध्ये या सणाच्या नावाचाच ट्रेडमार्क मागितला होता, लोक खवळल्यावर अर्ज मागे घेतला. काकू, तुमचा हेतू स्वच्छ आहे, पण आपण बाहेरच्यांनी हे करावं का?

अंगणातली_रुई · ७ ऑक्टोबर

हा प्रश्न मुलीनेही विचारला होता, अगदी याच शब्दांत. मी तो शेजारणीला विचारला. तिला 'उचलेगिरी' समजावण्यात माझी अर्धी दुपार गेली. समजल्यावर म्हणाली, तू माझ्याकडून काय उचललंस, झेंडू तर मीच आणून दिला.

तिने माझी दिवाळीची पणती मागून घेतली, ती आता तिच्या ओफ्रेंदावर असते. मी चेहरा कवटीसारखा रंगवून मिरवत नाही. तो माझा प्रांत नव्हे, गुडघेही नाहीत तेवढे.

वाळवंटी_पाऊस · ७ ऑक्टोबर

अ‍ॅरिझोनात टूसॉनला राहतो. इथली 'ऑल सोल्स' मिरवणूक १९९० मध्ये सुसान जॉन्सन नावाच्या चित्रकार बाईने सुरू केली. ती मेक्सिकन नव्हे. वडील गेले, दुःखाचं काय करावं सुचेना, तेव्हा शेजारच्या मेक्सिकन लोकांकडे पाहून तिने स्वतःचं काहीतरी उभं केलं. शेवटी एक मोठा कलश पेटवतात, त्यात लोकांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या असतात. इथे त्याला मेक्सिकन सण म्हणत नाहीत, त्यापासून सुचलेलं म्हणतात. मला ती रेघ बरोबर वाटते. मी दरवर्षी आजोबांना चिठ्ठी टाकतो, मोडीत. त्यांनीच शिकवली होती, आता दुसरं कुणी वाचू शकत नाही.

विदर्भ_एक्सप्रेस · ८ ऑक्टोबर

मेक्सिको म्हटल्यावर आमच्या वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजेंना विसरलात! गदर चळवळीतले क्रांतिकारक. ब्रिटिश मागावर, म्हणून देशोदेशी फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले. मका-गव्हाच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. छायाचित्रकार तीना मोदोत्तीने त्यांचे फोटो काढलेत, मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रात त्यांचा चेहरा आहे. परत आले ते स्वातंत्र्यानंतर, आणि १९६७ मध्ये नागपुरात गेले.

या सणात जिकडेतिकडे दिसणारी कवटीवाली बाई, ला कातरिना, तिच्यामागेही हाच रिवेरा. मूळ चित्र होसे ग्वादालुपे पोसादाचं, नुसतं डोकं आणि पिसांची टोपी. आपलं मूळ लपवून युरोपियन थाट करणाऱ्यांची टिंगल. पोसादा १९१३ मध्ये कफल्लक मेला. रिवेराने १९४७ च्या भित्तिचित्रात तिला अंगभर झगा दिला आणि पोसादालाच तिच्या हातात हात घालून उभं केलं. यापेक्षा चांगलं श्राद्ध कुणी कुणाचं घातलंय?

निनावी_२१ · ९ ऑक्टोबर

मी इथे कधी लिहीत नाही, वाचते. माझी आई २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. दुसरी लाट. हॉस्पिटलचं नाव नको. आम्हाला लांबून एक पिशवी दाखवली, त्यावर चिकटपट्टीवर नाव. अस्थी मिळाल्या, पण त्या दिवशी तिथे इतकी गाडगी ओळीने होती की त्या तिच्याच का, हे मला आजही माहीत नाही. दहावा केला. कावळा पहिल्या क्षणाला शिवला. सगळे म्हणाले बघ, तृप्त आहे. मला वाटलं, कुणाच्या आईचा घास तो?

एवढंच लिहायचं होतं. पंच्याचं वाचलं म्हणून.

पंचांगी · ९ ऑक्टोबर

ताई, उत्तर देण्याची माझी योग्यता नाही. एक माहिती तेवढी देतो. पिंडदानात एक धर्मपिंड असतो. ज्यांना कुणी नाही, ज्यांचं कुणाला ठाऊक नाही, ज्यांचं करायचं राहून गेलं, अशा सगळ्यांसाठी. कर्त्याचं त्यांच्याशी नातं लागत नाही, तरी देतो. त्या ओळीतल्या प्रत्येक गाडग्याला कुणाचा तरी पोचला असेल. तुमचाही पोचला असेल.

अंगणातली_रुई · ९ ऑक्टोबर

निनावी, बाळा.

पंचांगी म्हणतात ते इकडेही आहे, आणि मला ते आजच जुळलं. शेजारीण खालच्या पायरीवर कोपऱ्यात एक जास्तीची मेणबत्ती आणि पाण्याचा पेला ठेवते. पहिल्या वर्षी विचारलं, ही कुणाची? म्हणाली, आनिमा सोला. एकटा जीव. ज्याच्यासाठी कुणी मांडलं नाही, तो वाटेने जाताना उजेड बघून येतो. त्यानेही पाणी प्यावं.

२०२० मध्ये मेक्सिको सिटीतली स्मशानं या दिवसांत बंद ठेवली होती. तिच्या बहिणीचा नवरा त्याच वर्षी गेला, कबरीवर जाता आलं नाही. तेव्हा त्यांनी झेंडूची वाट उलटी काढली होती, दारातून बाहेर, रस्त्याच्या दिशेने. आम्ही येऊ शकत नाही, तूच ये.

या वर्षी ती मेणबत्ती मी लावणार. आईचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळव. नसेल कळवायचं तरी लावीन.

खवय्या_बापू · १० ऑक्टोबर

घसा दाटला राव. आता थोडं हलकं करतो, परंपरेच्या आधारानेच. तिकडे या दिवसांत 'कालावेरिता' लिहितात, जिवंत माणसांवर ती मेल्यासारख्या वात्रटिका. वर्तमानपत्रं पुढाऱ्यांवर छापतात, शाळेत पोरं मास्तरांवर करतात. पंचांगी, आगाऊ क्षमा:

मरण आले पंचांगींच्या दारी,
म्हणाले, "चला, झाली का तयारी?"
"थांब जरासा, राहुकाळ आहे,
मुहूर्त बघतो, बैस त्या बाकावरी."
बसून बसून मरण कंटाळले,
डुलकी घेता घेता तेच वारले.
पंचांगी आता तिथी शोधतात,
श्राद्ध मरणाचे कधी नेमले?

पंचांगी · १० ऑक्टोबर

तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्येला. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

(हसलो. बायकोला वाचून दाखवलं, ती जरा जास्तच हसली.)

अजून एक. परवा वाचलं की अझ्टेकांच्या मते मेलेल्याला मिक्त्लानला, म्हणजे मृतांच्या लोकात, पोचायला चार वर्षं लागतात, वाटेत नदी, आणि ती कुत्रा पार करून देतो. कुत्रा पिवळट-तांबूसच हवा. पांढरा म्हणतो, मी आत्ताच न्हालोय. काळा म्हणतो, मी आत्ताच मळलोय. आपल्याकडे वैतरणी आणि गाय. गाय निदान नखरे करत नाही. काकू, चार वर्षं म्हणजे काकांचा प्रवास या फेब्रुवारीत संपतो. हिशेब करून ठेवलाय.

खवय्या_बापू · १० ऑक्टोबर

आणि तुमच्या त्या शास्त्रशुद्ध श्राद्धाच्या पानातला लाल भोपळा आणि मिरची, दोन्ही अमेरिका खंडातली बरं का. पितरांनी तेव्हा तक्रार केलेली ऐकिवात नाही.

ग्वादालाहारातून · ११ ऑक्टोबर

काकू, तुमचं नाव 'अंगणातली रुई' का? उगाच कुतूहल.

अंगणातली_रुई · ११ ऑक्टोबर

इथे मिल्कवीड म्हणून झाड आहे. मोडलं की पांढरा चीक, बोंड फुटलं की म्हातारी उडते. रुईच्याच कुळातलं. ह्यांनी मागच्या अंगणात लावलं होतं, मारुतीसाठी, पानं बरीच तशीच दिसतात म्हणून. मारुती इथे कुठला, पण त्या पानांवर मोनार्क फुलपाखरं अंडी घालायला लागली. दर सप्टेंबरात, पितृपक्षाच्या आसपास, ती इथून दक्षिणेकडे निघतात. ३,००० किलोमीटरच्या आसपास उडून मिचोआकानच्या डोंगरात पोचतात, बरोबर नोव्हेंबरच्या सुरुवातीला. शेजारणीच्या माहेरी म्हणतात, ती फुलपाखरं नव्हेत, आपली माणसं येतायत. आणि जी जातात त्यांनी तो डोंगर कधी पाहिलेला नसतो. वसंतात तिथून निघालेल्यांची ती पणतवंडं.

म्हणजे ह्यांच्या अंगणातून निघून तिच्या अंगणात. त्यामुळे कावळ्याचं माझ्यापुरतं भागलं.

ह्यूस्टनची_सून · ११ ऑक्टोबर

काकू, मी माझा प्रश्न मागे घेते. म्हणजे प्रश्न राहू दे, तुमच्यापुरता मागे घेते.

अंगणातली_रुई · ३ नोव्हेंबर

धागा वर आणते, कारण कबूल केलं होतं त्यातलं एक काम झालं.

थंडी यंदा लवकर पडली, अंगणातला झेंडू काळा पडला. शिकागोतल्या पिल्सेन या मेक्सिकन वस्तीत, १८व्या रस्त्यावर जाऊन आणला. तिथलं मेक्सिकन कलेचं संग्रहालय बघितलं, तिकीट नाही, दरवर्षी या दिवसांत ओफ्रेंदांचं मोठं प्रदर्शन असतं. एका ओफ्रेंदापुढे नुसतं एक शिवणयंत्र आणि धाग्याचं रीळ. नाव वाचायची गरज पडली नाही.

२ तारखेला सगळं मांडून झाल्यावर रात्री साडेनऊला मी पुण्याला फोन लावला. पुतण्याला खरं सांगितलं, की दोन वर्षं फोन मुद्दाम उचलला नाही. तो म्हणाला, "माहीत होतं काकू." मग फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि म्हटलं, आता तू नुसतं बघ. पायऱ्या, पाणी, मीठ, धूप, एकेक दाखवत गेले. पंच्यापाशी आल्यावर तो बोलायचा थांबला. मला वाटलं, परत चित्र अडकलं. अडकलं नव्हतं.

पुढच्या पितृपक्षात तो करणार नाही. मी करणार, तो पुण्याहून सांगेल. पंचांगी, दर्भ इथे मिळतो का ते शोधून ठेवा. पांढरी फुलं मी बघते.

निनावी, कोपऱ्यातली मेणबत्ती रात्री दोनपर्यंत जळत होती. पाण्याचा पेला सकाळी दोन बोटं खाली गेला होता. घरात हीटर चालू असतो.

निनावी_२१ · ३ नोव्हेंबर

असू दे हीटर.

खवय्या_बापू · ३ नोव्हेंबर

बालूशाही कुणी खाल्ली ते राहिलं सांगायचं.

अंगणातली_रुई · ३ नोव्हेंबर

मी. दोन्ही. चव होती.